पाच ताग्यांची नदी

मास्तरांनी करड्या कापडाचे सोळा थर टेबलावर अंथरले, वरच्या थरावर खडूने आखलं, कापायचं मशीन फिरवलं आणि शाळेच्या जाकिटांचे बत्तीस पुढचे भाग कापून गठ्ठा बाजूला सारला. काम झकास झालं होतं. एक कड इकडची तिकडे नाही. काजं करणाऱ्या मावशी कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी गठ्ठा मांडीवर ओढला, दोन तुकडे जुळवून पाहिले, मग तिसरा घेतला, मग चौथा, आणि चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "मास्तर, यंदा पोरांना उजवी बाजू द्यायची नाही असं ठरलंय का?" मास्तर हसले. मावशींची जीभ तिखट, हे त्यांना बत्तीस वर्षं माहीत होतं. मग त्यांनीही एक तुकडा उचलला. डावा. दुसरा, तोही डावा. या कापडाला सुलट आणि उलट अशा दोन बाजू असतात. पुढचे भाग कापताना थर तोंडाला तोंड लावून अंथरायचे, म्हणजे एका कापात डावे-उजवे दोन्ही निघतात. पंधरा वर्षांच्या शिकाऊ उमेदवारालाही हे सांगावं लागत नाही. मास्तरांनी सगळे थर सुलट बाजू वर ठेवून अंथरले होते. बत्तीसच्या बत्तीस डावे. कापड काही शिव्या देत नाही, ते नुसतं टेबलावर पडून राहतं. मास्तर त्याच्याकडे बघत उभे राहिले आणि त्यांना आश्चर्य वाटलं ते एवढ्याचंच, की आपल्याला घाम फुटला नाही. उलट गेल्या पाच महिन्यांत पहिल्यांदा डोकं लख्ख झालं होतं. त्यांनी मशीनची वायर काढली, नीट गुंडाळली आणि म्हणाले, "मावशी, मी गावाला जातो." "कुठल्या गावाला? तुम्हाला गाव कुठंय?" मावशी म्हणाल्या. "तिच्या," मास्तर म्हणाले. मावशींनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला.

तिचं गाव म्हणजे तिचं माहेर नव्हे. ते नदीकाठचं सुट्टीचं गाव. मुलगी चार वर्षांची असताना तिला खोकला धरला, सुटता सुटेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, हिला मोकळ्या हवेत न्या. बायकोच्या मैत्रिणीच्या ओळखीने तिथे एका घरात वरची खोली मिळाली. खोकला पहिल्याच आठवड्यात गेला, गाव मात्र राहिलं. शाळांना सुट्टी लागली की मायलेकी निघायच्या आणि शाळा उघडायच्या पंधरा दिवस आधी परत यायच्या. मुलगी शिकली, नोकरीला लागली, लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली, तरी ही एकटी जायचीच. मास्तर एकदाही गेले नाहीत. जाणार कसे? सुट्टीत सगळी दुनिया हातपाय पसरते आणि गणवेश शिवणाऱ्याला पाणी प्यायला फुरसत नसते. आठ शाळांचं काम. दर वर्षी ती पिशवी भरताना म्हणायची, "यंदा?" आणि मास्तर तोंडातल्या टाचण्या सांभाळत म्हणायचे, "पुढच्या वर्षी." असं तीस वेळा झालं. त्यात भांडण नव्हतं, रुसवाही नव्हता, तो निघायच्या वेळचा एक रिवाजच होऊन गेला होता. मग या हिवाळ्यात एका सकाळी तिच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं. त्यावर सांगण्यासारखं काही नाही. ज्याच्यावर येतं त्याला कळतं, बाकीच्यांना सांगून काय कळणार?

समोरच्या टेलरशी मास्तरांचं बत्तीस वर्षांचं वैर. मास्तर उरलेल्या चार शाळांची मापं आणि कापड घेऊन त्याच्या दुकानात गेले. समोरचा आधी गठ्ठ्याकडे आणि मग मास्तरांकडे बघत राहिला. "मास्तर, डोकं ठिकाणावर आहे ना?" "डोकं ठिकाणावर आहे," मास्तर म्हणाले, "आता बाकीचं शरीर निघालंय." मुलीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, खरंच? थांबा, पत्ता लिहून घ्या." मास्तरांना राग आला. "मला पत्ता? तीस वर्षं ऐकतोय मी ते गाव. डोळे बांधून सोड, घर शोधून दाखवतो." मुलगी "अहो पण बाबा," असं म्हणत होती, तोवर त्यांनी फोन ठेवला होता.

आणि यात बढाई नव्हती. बायको परत यायची तीच मुळी बटणांच्या दिवसांत. हजारो बटणं. ती टेबलाच्या पलीकडे स्टुलावर बसायची, मास्तर अलीकडे कापत उभे, आणि दोरा दातात धरून ती गाव सांगायची. दोरा दातात, म्हणून शब्द कमी आणि हात जास्त. स्टेशनातून बाहेर आलं की असं वळायचं. मग नुसते दोर विकणारं एक दुकान. दोर, दुसरं काही नाही, आत गेलं की काथ्याचा वास. मग औषधाचं दुकान, त्याच्या दाराला निळी काच. तिथून इकडे. मग घर, बाहेरून गोल लोखंडी जिना, सातव्या पायरीला आवाज. वर खोली. दुपारी चारला वारा सुटतो आणि पडदा आत यायच्या ऐवजी खिडकीबाहेर जातो, सगळी खोली कुणीतरी बाहेरून ओढतंय अशी. खाली रस्ता, रस्त्यापलीकडे बाक, बाकांपुढे पायऱ्या आणि पायऱ्यांपुढे नदी. एकदा मास्तरांनी विचारलं होतं, "नदी केवढी?" तिने दोरा तोडला, क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "आपले पाच तागे उलगडून टाका. पाचवा पलीकडच्या काठाला टेकेल." मास्तरांना ती नदी लगेच दिसली. वीस मीटरचा एक तागा, असे पाच. त्यानंतर कधी कुणी नदीचं नाव काढलं की त्यांच्या डोळ्यांपुढे पांढरं कापड उलगडत जायचं. मुलीने आईचे कपडे वाटून टाकले, औषधं फेकली, चपला कुणालातरी दिल्या. मास्तरांकडे उरलं होतं ते हे गाव. कुणाला वाटून टाकता न येणारं.

ते सकाळच्या गाडीने उतरले. हातात एक पिशवी, खिशात टेप, कारण टेप नसला तर त्यांना खिसा रिकामा वाटायचा. स्टेशनातून बाहेर आले आणि न थांबता, घरी आल्यासारखे, डावीकडे वळले. दोराचं दुकान नव्हतं. लाकडाची वखार होती. असेल पुढे, म्हणून ते चालत राहिले. वखार संपली, मग एक शीतगृह लागलं, गार भिंतीतून पाणी झिरपत होतं, मग पत्र्याचं कुंपण आणि रुळांवर उभे रिकामे डबे. रस्ता तिथेच संपला. नदीचा मागमूस नाही. मास्तर परत फिरले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, जसं मापाचा आकडा पटला नाही की पुन्हा घेतात. पुन्हा वखार, पुन्हा डबे. वखारीतला माणूस विचारायला लागला, "काका, काय शोधताय?" मास्तर म्हणाले, "काही नाही, फिरतोय." विचारायला काय झालं होतं? तोंड होतं, जीभ होती. पण विचारलं आणि तो म्हणाला, असं घर इथे नाही, तर? लोखंडी जिना नाही, निळी काच नाही. मग तीस वर्षं ती कुठे जात होती? हा विचार त्यांनी केला नाही. तो आपण होऊन आला आणि शेजारी चालायला लागला. दुपारभर ते स्टेशनाच्या त्या अंगाला हिंडले. संध्याकाळी स्टेशनासमोरच्या लॉजमध्ये खोली घेतली आणि खाटेवर बसून राहिले. इतकी वर्षं माणसांची अंगं मोजली. बाई तोंडाने म्हणते कंबर अठ्ठावीस, टेप म्हणतो बत्तीस, आपण टेपाचं ऐकतो आणि वहीत काही न बोलता बत्तीस लिहितो. आज टेप लावला होता आणि गाव बसत नव्हतं. ती खोटं बोलणाऱ्यातली नव्हती. पण दातात दोरा धरून, डोळे बटणावर ठेवून, हातांनी हवेत गाव उभं करणारी बाई नवऱ्याला बरं वाटावं म्हणून थोडं जास्त उभं करू शकते, हेही खरं. आणि थोडं म्हणजे किती? जिना खोटा असला तर वाराही खोटा. वारा खोटा तर ती तिथे सुखात होती हेही खोटं. एक टाका निसटला की शिवण कुठवर उसवत जाईल ते सांगता येत नाही.

सकाळी लॉजखाली चहावालीकडे गेले. बाई धिप्पाड, एका हातात किटली, दुसऱ्या हातात पेले, तोंडात गाळण्याची दांडी. मास्तरांनी चहा संपवला, पेला ठेवला आणि दवाखान्यात निकाल विचारावा तसं विचारलं, "लोखंडी गोल जिना असलेलं एक घर आहे का हो इथे?" बाईने दांडी तोंडात तशीच ठेवून मान डोलावली आणि पेल्यांचा हात बाजूला केला. "अशं जा." मास्तरांनी पैसे ठेवले. ते उठले आणि तिने दाखवलं तसे, डावीकडे, वखारीच्या रस्त्याला लागले. मागून आरोळी आली. आता दांडी तोंडातून निघाली होती. "अहो काका! तिकडं काय डबे मोजायला जाताय? अस्सं म्हटलं ना मी!" मास्तर वळले. बाई त्यांच्याकडे तोंड करून उभी होती आणि तिचा डावा हात तिच्या डावीकडे, म्हणजे मास्तरांच्या उजवीकडे, नदीवरच्या उजेडाकडे ताठ धरलेला होता.

मास्तर रस्त्याच्या मधोमध उभे राहून हसायला लागले. एक सायकलवाला घंटी वाजवत वळसा घालून गेला. गिऱ्हाईक समोर उभं असतं, त्याचा डावा तो आपला उजवा. हा धंद्याचा पहिला धडा. उस्तादाने फूटपट्टीने हातावर मारून शिकवलेला. आजवर एकाही गिऱ्हाइकाचा खिसा उलट्या बाजूला बसला नाही. आणि टेबलापलीकडे समोरासमोर बसून जी तीस वर्षं हातांनी गाव दाखवत होती, तिचा डावा-उजवा फिरवून घ्यायचा, हे काही सुचलं नव्हतं. कारण ती गिऱ्हाईक नव्हती. तिच्यासमोर ते कधी मास्तर नसायचेच. तिने हात केला की तो आपलाच हात आहे असं धरून चालायचे.

मग त्यांनी गाव उलटवायला घेतलं. जुना कोट बाहेरून विटला की तो उसवून, आतली बाजू बाहेर घेऊन पुन्हा शिवतात, तसं. उजवीकडे वळले आणि चौथ्या मिनिटाला काथ्याचा वास आला. दोराचं दुकान, खरोखर नुसतेच दोर, जाड, बारीक, डांबरलेले. मग औषधाचं दुकान, निळी काच. तिथून डावीकडे. मास्तरांची चाल बदलली. गावात कालही सुट्टीच होती, पण ती त्यांना आज दिसायला लागली. ओल्या केसांची पोरं रस्त्याने पळत होती, कुणाच्या पायात चपला नव्हत्या, खिडक्यांत टॉवेल वाळत होते, एक बाप बाकावर पेपर तोंडावर घेऊन सकाळी नऊ वाजता झोपला होता आणि त्याची कुणालाही लाज वाटत नव्हती. जिना आला. मास्तर मोजत चढले. सातव्या पायरीने आवाज केला.

वर घरमालकीण दारातच चादर झटकत होती. सत्तरीची, सडसडीत. तिने मास्तरांना पाहिलं, चादर खाली ठेवली आणि कुणी ओळख करून द्यायच्या आत खाली वाकून जिन्यातून ओरडली, "अगं, कॅप्टनचे यजमान आले!" मास्तर म्हणाले, "कुणाचे?" "तुम्हीच ते. बसा. ती गेल्याचं मुलीने कळवलं तेव्हा आम्ही दोन दिवस नाव सोडली नव्हती. आणि काल कुठे होतात? तिचा कालपासून चारदा फोन." मास्तर बसले. खोली तशीच होती, पडदा तसाच, खिडकीतून बाक आणि पायऱ्या आणि नदी. सगळं खरं होतं. आता सुखाने पाणी मागावं, तर हा एक शब्द मधेच येऊन बसला होता. "कॅप्टन कोण?" त्यांनी विचारलं. घरमालकिणीने त्यांच्याकडे पाहिलं आणि मग तिच्या चेहऱ्यावर, हातातून बशी निसटावी तसं काहीतरी झालं. "म्हणजे... तुम्हाला तिने शेवटपर्यंत..." ती म्हणाली. "अगं बाई."

खालून नाववाली वर आली. साठीची, आवाज घोगरा, तळहात लाकडासारखे. तिला काही लपवायचं सुचत नसे. "पाण्याला घाबरणारे ते तुम्हीच ना?" मास्तर ताठ झाले. "कोण म्हणालं?" "अख्ख्या गावाला ठाऊक आहे. तुमचा फोन आला की आम्ही काय सांगायचो? बाजारात गेलीय. रोज बाजार! एवढा बाजार कुठं असतो का? पलीकडच्या काठाजवळ असायची ती, डोकं तेवढं वर, मागे पोरांची रांग." तिसऱ्या वर्षी आपणच तिला पोहायला शिकवलं, असं नाववाली म्हणाली. दहाव्या वर्षी शिष्या गुरूच्या पुढे गेली. सुट्टीला आलेल्या पोरांना शिकवायचं, तिसऱ्या आठवड्यात काठापासून काठापर्यंत दोर बांधायचा आणि दोराच्या कडेकडेने सगळी फौज पलीकडे न्यायची, हे सगळं तिनेच सुरू केलं. दोर किती लागतो हे पहिल्यांदा तिनेच पोहत टेप धरून मोजलं. शंभर मीटर. मास्तरांच्या डोळ्यांपुढून पाच तागे उलगडत गेले आणि आता पहिल्यांदाच ते ओले होते.

ते खाली जाऊन बाकावर बसले. त्यांना राग आला होता. चांगला, खणखणीत राग, आणि तो ज्याच्यावर काढावा ते माणूस नव्हतं. गाव खरं निघालं होतं आणि बाई खोटी. मग बसल्या बसल्या त्यांनी तिचं सगळं सांगणं पुन्हा आठवलं, एकेक बटण तपासावं तसं, आणि त्यांना दिसलं की त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. फक्त त्या सगळ्या गावात कुणी कधी भिजलं नव्हतं. नदीकाठचं गाव, तीस उन्हाळे, आणि एक ओला टॉवेल नाही. हे भोक कुणाच्या मापाचं होतं ते त्यांना माहीत होतं. दुकान काढलं त्या पहिल्याच वर्षी एका बाईने सुट्टीआधी मुलाचा गणवेश शिवायला टाकला होता. शाळा उघडली तरी कुणी न्यायला आलं नाही. मग एक दिवस बाप आला, पावती पुढे केली, मास्तरांनी गणवेश काढून दिला, आणि बाप तो हातात न घेता नुसता बघत राहिला. म्हणाला, "राहू द्या. तो तळ्यात गेला." आणि निघून गेला. तो गणवेश अजून कपाटात होता. म्हणून पहिल्या वर्षी मायलेकी निघाल्या तेव्हा मास्तरांनी हात धरून सांगितलं होतं, काठावर बसायचं, पाण्यात पाय नाही घालायचा, शपथ घे. तिने घेतली होती.

मुलीला फोन लावला. "अहो बाबा, होतात कुठे कालपासून? फोन बंद, मी इथे..." "तू पोहतेस?"  "हो." "कधीपासून?" "सहा वर्षांची असल्यापासून. बाबा, आई म्हणाली होती, बाबांना सांगितलंस तर पुढच्या वर्षी सुट्टीला कुलूप." "मला कळलं असतं तर मी कुलूप घातलं असतं?" "घातलं असतं," मुलगी म्हणाली. मास्तरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "घातलं असतं," तेही म्हणाले. मग मुलगी हळूच म्हणाली, "पण बाबा, तुम्हाला खरंच कधी कळलं नाही? दर वर्षी तुम्हीच तर तिचे ब्लाउज ढिले करून द्यायचात." मास्तरांनी फोन खिशात ठेवला. दर वर्षी ती परत आली की खांद्याला अर्धा इंच आणि दंडाला पाऊण. ती हात वर करून उभी राहायची, ते टेप लावायचे आणि म्हणायचे, "तिथलं पाणी मानवतं तुला." आणि ती म्हणायची, "हो ना." पुढे हिवाळ्यापर्यंत माप पुन्हा उतरायचं. माणसाच्या अंगावरून माणूस काय काम करतो हे मास्तर ओळखत. पिशव्या उचलणाऱ्याचा खांदा, लिहिणाऱ्याची पाठ. तीस वर्षं टेप सांगत होता आणि त्यांनी वहीत लिहून घेतलं होतं, वाचलं नव्हतं. की वाचलं होतं? चार वाजले. वारा सुटला. त्यांनी मान वळवून वर पाहिलं तर पडदा खिडकीबाहेर आला होता. राग कुठे गेला ते त्यांना कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर गावात राहायला लागले. म्हणजे मजेत. सकाळी चहावालीकडे, "काय काका, आज डबे मोजून झाले?" हे ऐकायला. मग दोराच्या दुकानात, मग बाकावर. तीस वर्षांत सुट्टी म्हणजे काय ते त्यांनी फक्त मापांतून पाहिलं होतं, की मुलं सुट्टीत उंच होतात. ती कशी होतात ते इथे दिसत होतं. तिसऱ्या आठवड्यातलं ते पलीकडे जाणं यंदा आठ दिवसांवर आलं होतं. लहानांना तरंगायला बुचांची जाकिटं होती, जाड कापडात बुचाचे ठोकळे घालून केलेली. नाववालीने ती पायऱ्यांवर उन्हात टाकली तेव्हा मास्तर उठून बघायला गेले आणि वाकले ते वाकलेलेच राहिले. प्रत्येक कप्पा बटणाच्या टाक्याने बंद केलेला. फुलीवर फुली आणि खाली दोऱ्याचे चार वेढे. तिला शिवण येत नव्हती, ती कधी शिकली नाही, तिला बटण लावता येत होतं. म्हणून तिने बटणाशिवायची बटणं लावून वीस जाकिटं बंद केली होती. मास्तरांनी एक टाका बोटाने दाबला. दोरा कुजला होता. ओढला तसा तुटला. "चालतील ना?" नाववालीने विचारलं. "गेल्या साली दिली होती." "नाही चालणार," मास्तर म्हणाले. "सगळी उसवायला लागतील."

तीन दिवस ते पायऱ्यांवर बसून तिचे टाके उसवत होते. एका घरातून चामडं शिवायचं मशीन मिळालं, दोराच्या दुकानातून मेण लावलेला धागा आला. आधी एक टाका काढायचा, मग थोडा वेळ नदीकडे बघायचं, असं चाललं होतं. दुसऱ्या दिवशी हात नेहमीच्या वेगाला आला. तिच्या दोऱ्याचे तुकडे पायाशी साचले आणि संध्याकाळी त्यांनी ते दुकानातल्यासारखे झाडून काढले. ठेवून काय करायचं? कामाचा दोरा होता, त्याचं काम झालं. पोरं मापाला रांग लावून उभी राहायची. "आजोबा, मला कॅप्टनने उलटं पोहायला शिकवलं." "आजोबा, ती चूळ भरून पाणी एवढं लांब उडवायची." हेही तिने सांगितलं नव्हतं. मास्तर छातीचं माप घेत आणि म्हणत, "हात वर. श्वास सोड. पोट आत घेऊ नकोस, लबाडा."

पलीकडे जायच्या दिवशी सकाळी काठापासून काठापर्यंत दोर ताणलेला होता. नाववाली नावेत उभी राहून डोकी मोजत होती. मोठी पोरं पाण्यात उतरून दोराला लागलीसुद्धा. सर्वांत शेवटी एक मुलगी राहिली, सहा वर्षांची, पहिल्यांदाच जाणारी, आणि तिच्याबरोबर तिची आई, तीही या गावात पहिल्यांदाच. आईचा चेहरा मास्तरांना ओळखीचा वाटला. ती कोण होती म्हणून नव्हे, ती भीती घरची होती. मास्तर खालच्या पायरीवर, बुटांसकट, कंबरभर पाण्यात उभे होते. तिथे ते कधी उतरले हे त्यांनाही सांगता आलं नसतं. जाकिटाच्या खांद्याचा पट्टा धरून त्यांनी मुलीला आख्खं वर उचललं, झटका दिला, पाण्यात ठेवलं. शिवणीचा एक धागा हलला नाही. नाववाली ओरडली, "मास्तर, चला! ऊन चढलं!"

"सोडू का हिला?" आईने विचारलं. तिने नाववालीला विचारलं नाही, मास्तरांना विचारलं. "तुम्ही शिवलंय, तुम्ही सांगाल तसं."

मास्तरांच्या तोंडात 'नको' तयार होतं. इतकी वर्षं तिथेच असायचं ते, टाचण्यांच्या शेजारी.

"शिवण माझी आहे," ते म्हणाले. "सोडा."

आईने डोळे मिटून हात काढून घेतला. पण मुलगी काही पुढे जाईना. दोराजवळची पोरं थांबली, नाववाली वल्हं धरून थांबली, पाणी तेवढं वाहत होतं. मुलीने दोनदा पाय मारून पाहिले आणि मग मान मागे वळवून, अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली,

"आजोबा, आईने सोडलंय. आता तुम्ही सोडा ना."

मास्तरांनी खाली पाहिलं. पट्टा त्यांच्या मुठीत होता, बोटं पांढरी पडली होती. त्यांनी आधी करंगळी उघडली, मग बाकीची.